बोट उचलण्याआधी

तीन आठवडे एकच पान उघडं होतं. त्यावर सोळा बारांचा एक तुकडा. नाव ‘टॉय’, म्हणजे खेळणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडात ल्यूट हे तंतुवाद्य शिकणाऱ्यांच्या वह्यांमधून असली खेळणी जागोजाग सापडतात. रचनाकाराचं नाव बहुधा नसतंच. मी ज्यावरून ल्यूट शिकते त्या पुस्तकासोबत मिळालेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा तुकडा पन्नास सेकंदांत वाजून संपतो. पहिल्याच संध्याकाळी त्यातला स्वर न् स्वर माझ्या हाताला सापडला होता. अक्षर बघायचं, पडद्यामागे बोट टेकवायचं, तार छेडायची. चूक एकही नव्हती. तरी रेकॉर्डिंगमध्ये जे वाजत होतं त्याला गाणं म्हणता येत होतं, आणि माझ्या हातून निघत होती ती ओवायच्या राहून गेलेल्या मण्यांची रांग.

लय जास्त असेल म्हणून ती उतरवली. मणी आणखी सुटे झाले. तारा जुन्या असतील म्हणून बदलल्या. मग एका रात्री पहिला बार तेवढाच, पंचवीसेक वेळा ऐकला. वाजवणारा खालचा स्वर सोडतच नव्हता. वरची चाल दोन पावलं पुढे गेली तरी खर्ज तिच्या पायाखाली तसाच होता. पुढचा खर्ज आला तेव्हाच तो बाजूला झाला. मी मात्र स्वर वाजला की त्याचं काम झालं असं धरून बोट उचलत होते आणि पुढच्या अक्षराकडे धावत होते.

पुन्हा पान पाहिलं. बोट ठेवून द्या, असं त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ल्यूटच्या लेखनाला टॅब्लेचर म्हणतात. ते स्वर लिहीत नाही, बोटाची जागा लिहितं. सहा आडव्या रेघा म्हणजे तारांच्या सहा ओळी. फ्रेंच आणि इंग्लिश पद्धतीत या रेघांवर अक्षरं असतात: ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा, ‘सी’ म्हणजे दुसरा. इटलीत अक्षरांच्या जागी आकडे, आणि रेघांचा क्रम उलटा. सर्वांत वरची रेघ खर्जाची, कारण वाद्य हातात घेतल्यावर खर्जाची तार खरोखरच वरच्या अंगाला असते. जर्मनांनी तार आणि पडदा जिथे एकमेकांना छेदतात त्या प्रत्येक जागेला स्वतंत्र चिन्ह देऊन टाकलं. तिन्ही पद्धतींत वरच्या बाजूला लहान झेंड्यांसारख्या खुणा असतात आणि पुढचा आघात किती वेळानं करायचा ते त्या सांगतात. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीनं १५०७ साली फ्रांचेस्को स्पिनाचिनोचं पुस्तक छापलं. ल्यूटच्या टॅब्लेचरचं हे पहिलं छापील पुस्तक. त्याच्या आरंभीच, ज्यांना गाता येत नाही, म्हणजे गायकांची स्वरलिपी वाचता येत नाही, अशांसाठी नियम दिले आहेत. स्वरज्ञान नसलेल्या माणसाच्या हातूनही संगीत निघावं, ही त्यामागची कळकळ. पाचशे वर्षांनी माझ्यासारखीला पहिल्या संध्याकाळी सगळे स्वर सापडले ते या सोयीमुळेच.

पण ही सोय अर्धी आहे. टॅब्लेचर स्वराचा जन्म सांगतं, त्याचं आयुष्य सांगत नाही. आघात कधी करायचा ते कळतं. त्या आघातातून निघालेला स्वर कुठवर जगायचा आहे ते कळत नाही. आणि रेनेसाँच्या काळातलं ल्यूटचं संगीत म्हणजे मुळात दोन, तीन, कधी चार गळ्यांचं गाणं एका माणसाच्या दहा बोटांत आणून ठेवलेलं. फ्रांचेस्को दा मिलानो हा १५४३ साली वारला. त्याच्या समकालीनांनी त्याला ‘दिव्य’ हे विशेषण बहाल केलं होतं. त्याच्या ‘फँटसिया’ प्रकारच्या एखाद्या रचनेत एक गळा बोलत असतो, दुसरा त्याचंच वाक्य खालून उचलतो, तिसरा वाट पाहत थांबलेला असतो. कागदावर मात्र हे सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि कुणाचं बोलणं कुठे संपतं याची काही खूण नसते. काही जुन्या पुस्तकांतून बोट धरून ठेवण्यासाठी फुली किंवा तिरपी रेघ दिसते, पण ती अधूनमधून. बाकीचं कानावर सोडलेलं.

व्हिंचेंझो कापिरोला नावाचा ब्रेशाचा एक वादक होता. त्याच्या शिष्यानं, व्हिदाल त्याचं नाव, १५१७च्या सुमारास गुरूच्या रचनांची एक वही तयार केली. ती आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. व्हिदालनं पानांच्या समासात ससे, हरणं, पक्षी, फुलं रंगवली, आणि प्रस्तावनेत त्याचं कारणही लिहून ठेवलं: उद्या ही वही संगीत न कळणाऱ्याच्या हाती गेली तर निदान चित्रांसाठी तरी तो ती जपेल. गुरूची विद्या वाचावी म्हणून शिष्यानं ससे रंगवले, हे वाचल्यापासून ती वही मला फार जवळची वाटते. त्याच प्रस्तावनेत त्यानं वादनाच्या काही युक्त्या सांगितल्या आहेत. त्यांतली सर्वांत सुंदर म्हणून जी सांगितली ती हीच: तारेवर टेकवलेलं बोट, दुसऱ्या स्वरासाठी उचलणं भागच पडेपर्यंत, उचलू नये. मला जे पंचवीस वेळा ऐकून समजलं ते त्यानं एका वाक्यात लिहून ठेवलं होतं. पण मी ते आधी वाचलं असतं तर त्याचा अर्थ मला लागला असता असं वाटत नाही. रेकॉर्डिंगमधला तो न सुटलेला खर्ज कानात होता म्हणून ते वाक्य मला वाचता आलं.

हे माझ्या बाबतीत इतकं कठीण का गेलं याचा विचार करताना मिरज आठवते. शाळेत असताना तीन वर्षं मी आत्याकडे सतार शिकले. तिच्या घरात कागद नव्हता. ती वाजवायची, मी वाजवायची. चुकलं की ती पुन्हा वाजवायची, बोलायची काहीच नाही. सतारीत स्वर छेडला की पुढचं पुष्कळसं काम वाद्यच करतं. जवारी त्याला लांबवते, तरफा त्याला झेलतात. बोट जागेवरून सरकलं तरी मागे काहीतरी रेंगाळत राहतं. त्या गाजेची सवय असलेला हात घेऊन मी ल्यूटकडे आले. ल्यूट काहीच रेंगाळू देत नाही. आतड्याची तात किंवा तिच्यासारखी बनवलेली आजची तार, कागदासारखी हलकी तबली. स्वर उमटतो, लगेच झुकतो, दोन-तीन सेकंदांत विरतो. बोट उचललं तर त्याच क्षणी मरतो. म्हणजे ज्या वाद्याचा स्वर मुळातच अल्पायुषी, तिथेच तो शेवटच्या क्षणापर्यंत धरायचा. सतारीनं मला उदार केलं होतं, इथे काटकसर शिकायची होती.

वाद्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण ते हातात घेतल्याशिवाय या काटकसरीचं कारण कळत नाही. नाव अरबी ‘अल-ऊद’वरून आलेलं, त्याचा शब्दशः अर्थ लाकूड. अरबांबरोबर ऊद स्पेन आणि सिसिलीत गेला आणि युरोपनं त्याच्या मानेवर पडदे बांधले. ‘बांधले’ हे अक्षरशः: तातीचा तुकडा मानेभोवती गुंडाळून मागे गाठ मारायची, सतारीच्या पडद्यांसारखा तो खालीवर सरकवता येतो. पाठ भोपळ्याची नसते. यू किंवा मेपलच्या पातळ पट्ट्या उष्णतेनं वाकवून, कडेला कड चिकटवून ती उभी केलेली असते. माझ्या वाद्याला अशा अकरा पट्ट्या आहेत. तबली जेमतेम दीड मिलिमीटर जाड, मधोमध तिच्यातच कोरून काढलेली जाळी. खुंट्यांची पेटी मागे जवळजवळ काटकोनात मोडलेली. सगळं मिळून वजन एक किलोही भरत नाही. पहिल्यांदा उचललं तेव्हा पिशवी रिकामी आहे की काय असं वाटून मी ती उघडून पाहिली होती. पहिली तार एकटी, बाकीच्या पाच ठिकाणी तारांच्या जोड्या, खर्जाच्या जोड्यांत एक तार सप्तकानं वरची. गिटार येत असेल त्याला मांडणी ओळखीची वाटते: गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वरानं उतरवली की ल्यूटचीच अंतरं मिळतात. कितीतरी जण तिथूनच या संगीतात शिरतात आणि मग एखाद्या दिवशी खरं वाद्य भाड्यानं आणतात. मीही तसंच आणलं.

आणि मग सुरू झालं लावणं. मी यॉर्कला, ऊझ नदीपासून हाकेच्या अंतरावर राहते. नदीला पाणी चढलं की घरातली हवा बदलते, हवा बदलली की लाकूड फुगतं, तारा सरकतात. जर्मन संगीतलेखक योहान माथेसननं १७१३ साली लिहिलं होतं की ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकानं त्यातली साठ वर्षं वाद्य लावण्यातच घालवलेली असतात. एर्न्स्ट गॉटलिब बारोन या वादकानं त्याला १७२७ मध्ये अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. माझा कल अर्थातच बारोनकडे आहे. वाद्य लावण्याचा वेळ हा वाया गेलेला वेळ, असं तंबोऱ्याच्या देशातून आलेल्या माणसाला मुळातच वाटत नाही. त्या वेळात कान दिवसभराच्या गोंगाटातून बाहेर येतो. इंग्लंडच्या दमट हवेवर सर्वांत प्रेमळ उपाय टॉमस मेसनं १६७६ च्या आपल्या ‘म्युझिक्स मॉन्युमेंट’मध्ये दिला आहे: ल्यूट दिवसा अंथरुणात ठेवावं, रोज वापरात असलेल्या अंथरुणात, वरचा जाड रग आणि ब्लँकेट यांच्या मधे. चादरींच्या आत मात्र नको, त्या माणसाच्या अंगानं ओलसर झालेल्या असतात. मेस तेव्हा म्हातारा झाला होता, ऐकूही कमी येत होतं, आणि ज्या वाद्यावर त्यानं आयुष्य वाहिलं ते इंग्लंडात मागे पडत चाललेलं तो पाहत होता. हा सल्ला मी हिवाळ्यात पाळून पाहिला. खुंट्या खरोखरच कमी सरकल्या.

मेसला जे दिसत होतं ते पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सगळीकडे घडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन मुलखातही ल्यूट विझलं. जुनी वाद्यं आधीच नव्या फॅशनप्रमाणे कापून, जोडून, जास्त तारांची करून टाकलेली होती. त्यामुळे रेनेसाँच्या काळातलं मूळ रूपातलं ल्यूट आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच सापडतं. बोलोन्यात लाउक्स मालर १५५२ साली वारला तेव्हा त्याच्या कारखान्यात हजाराहून अधिक ल्यूट तयार होती. आता त्याच्या हातची काही थोडी उरली आहेत, तीही बदललेल्या अंगानं. पण वाद्यांपेक्षा मोठी गोष्ट तुटली ती शिकवणाऱ्यांची साखळी. शंभर वर्षं, काही ठिकाणी त्याहून जास्त काळ, कुणी कुणासमोर बसून ल्यूट शिकलं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या वाक्याचं वजन चटकन कळेल. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेत शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ठेवलेल्या आहेत. कल्पना करावी की सगळी घराणी, सगळे गळे, सगळ्या रेकॉर्डी एका रात्रीत नाहीशा झाल्या आणि शंभर वर्षांनी कुणाला ती सहा पुस्तकं सापडली. मुखडा तो गाऊ शकेल, सम बरोबर गाठेल. पण मींड किती, स्वरावर किती थांबायचं, शब्द कुठे सोडायचा, हे तो कुणाला विचारणार?

ल्यूटच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. लंडनमध्ये अर्नोल्ड डॉल्मेच यांनी १८९०च्या दशकात जुनी पुस्तकं उघडून वाद्य पुन्हा घडवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे शिकलेल्या डायना पोल्टन यांनी पुढे ल्यूटवादक आणि रचनाकार जॉन डाउलंडचं चरित्र लिहिलं, त्याच्या ल्यूटरचनांचं संपादन केलं. १९५६ साली इंग्लंडात ल्यूट सोसायटी सुरू झाली त्यातही त्या होत्या. गिटारवादक ज्युलियन ब्रीमनी १९५०च्या दशकापासून डाउलंड हजारो लोकांच्या घरात नेला. त्यांचं ल्यूट भक्कम होतं, पडदे धातूचे होते आणि हात गिटारचा होता, नखांचा. त्यांना जे मिळालं होतं त्यातून त्यांनी ते उभं केलं, आणि आज ते ऐकतानाही त्यातली तहान ऐकू येते. मग १९७०च्या दशकात काही तरुण वादकांनी जुने ग्रंथ आणि जुनी चित्रं शेजारी ठेवून पाहिली. चित्रांतल्या वादकांचा उजवा हात वेगळा दिसत होता: करंगळी तबलीवर टेकलेली, मनगट तारांना जवळपास समांतर, अंगठा बोटांच्या आत, तळव्याच्या बाजूला वळणारा. तुकडा तुकडा जुळवत ती जुनी पद्धत परत आली.

या पद्धतीत धावत्या चालीतले स्वर अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून वाजवतात. अंगठ्याचा आघात भारी, तर्जनीचा हलका. फ्रेंच टॅब्लेचरात अक्षराखाली टिंब असेल तर तर्जनी, नसेल तर अंगठा. मला हे समजावून घ्यावं लागलं नाही; सतारीवरचे ‘दा’ आणि ‘रा’ हातात होतेच. टिंब म्हणजे ‘रा’, एवढं मनाशी ठरवलं आणि उजवा हात चालू लागला. पंधराव्या शतकात ल्यूट कोनानं, म्हणजे तार छेडायच्या पातळ तुकड्यानं, वाजवत. कोन सुटली, बोटं आली, पण कोनाचं खालीवर जाणं अंगठा-तर्जनीच्या या जोडीत टिकून राहिलं. एका हत्याराची चाल ते हत्यार गेल्यावरही हातात राहते, हे मला या सगळ्या अभ्यासातलं सर्वांत हृद्य वाटतं.

म्हणून माझ्या पुस्तकाबरोबरचं रेकॉर्डिंग नेमकं काय आहे याविषयी मी स्वतःची फसवणूक करून घेत नाही. तो १६०० सालचा आवाज नाही. तो अशा एका माणसाचा आवाज आहे जो माझ्यासारखाच एका मुक्या पानासमोर बसला होता, माझ्या चाळीस वर्षं आधी. त्यानं कापिरोलाच्या वहीतलं वाक्य वाचलं, बोट धरून ठेवलं, काय होतं ते ऐकलं, आणि ते मला ऐकवलं. एकाच तुकड्याची दोन वादकांची रेकॉर्डिंगं ऐकली की हे स्वच्छ दिसतं. एक जण सातव्या बारातला मधला स्वर पुढच्या बारापर्यंत नेतो, दुसरा तो तिथेच सोडून किंचित श्वास घेतो. पान एकच. दोघांनीही ऐकून निर्णय घेतलेला. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा, बरोबर कोण हे ठरवावंसं वाटायचं. आता मला वाटतं, शिकणाऱ्यानं प्रत्येक सोपा तुकडा निदान दोघांकडून ऐकावा. एकाच रेकॉर्डिंगवर पोसलेला हात नक्कल करतो. दोन ऐकली की प्रश्न पडतो, आणि प्रश्न पडला की हात आपलं उत्तर शोधायला लागतो.

काही रेकॉर्डिंगांत तर वाद्यच साक्षीला येतं. स्वीडिश वादक याकोब लिंडबेरी आउग्सबुर्गच्या सिक्स्टस राउव्होल्फनं १५९०च्या सुमारास घडवलेलं ल्यूट वाजवतात. त्याची तबली मूळची आहे. त्या लाकडाच्या कंपनांमागे वादकाचा श्वास आणि तारेवरून सरकणाऱ्या बोटाची बारीक सळसळ ऐकू येते. ही सळसळ मला स्वरांइतकीच उपयोगी पडली. बोट कुठे उचललं गेलं आणि कुठे नुसतं सरकलं, हे तिच्यावरून कळतं.

सोप्या तुकड्यांविषयी आपल्या मनात एक उपेक्षा असते. पायरी म्हणून त्यांच्याकडे पाहायचं आणि वर गेलं की मागे वळून पाहायचं नाही. त्या काळच्या लोकांची दृष्टी अशी दिसत नाही. न्यूरेंबर्गच्या हान्स नॉयसीडलरनं १५३६ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवात अगदी नवशिक्यांसाठीच्या तुकड्यांनी केली आणि डाव्या हाताचं कुठलं बोट कुठे, ते टिंबांनी दाखवलं. त्याच वर्षी वालेन्सियात लुईस मिलाननं विहुएला या ल्यूटच्या स्पॅनिश भावंडासाठी पुस्तक छापलं, तेही सोप्याकडून कठीणाकडे जाणारं. आणि इंग्लिशमध्ये ल्यूटच्या रचनेला सरसकट शब्दच होता ‘लेसन’. जॉन डाउलंडच्या मुलानं, रॉबर्टनं, १६१० साली काढलेल्या संग्रहाच्या नावात हाच शब्द आहे, आणि त्या संग्रहात त्या काळच्या युरोपातल्या भल्याभल्यांच्या अवघड रचना आहेत. म्हणजे नवशिक्याचं खेळणंही धडा आणि उस्तादाची गहन फँटसियाही धडाच. मराठीत आपण ‘चीज’ म्हणतो तेव्हा त्या शब्दात मौल्यवान वस्तूचा भाव असतो. ‘लेसन’ म्हणताना त्या लोकांच्या मनात देण्याघेण्याचा भाव असावा. रचना म्हणजे कुणीतरी कुणालातरी दिलेली गोष्ट.

त्या देण्याघेण्याच्या खुणा वह्यांत आहेत. जेन पिकरिंग नावाच्या मुलीनं १६१६ साली आपल्या वहीवर नाव घातलं. ती वही आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. मार्गारेट बोर्डच्या वहीत काही ठिकाणी खुद्द जॉन डाउलंडचं हस्ताक्षर आहे. मोठा वादक, एका मुलीची वही पुढ्यात ओढून, त्यात स्वतः लिहितो आहे. हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला मला कुठल्याही चित्राची गरज लागत नाही. आणि या वह्यांत दोन ल्यूटसाठीचे तुकडे पुष्कळ आहेत. त्यांतला एक साधा प्रकार असा: एका ल्यूटनं चार-आठ बारांचं ठरावीक आवर्तन, ज्याला ‘ग्राउंड’ म्हणतात, ते पुन्हा पुन्हा वाजवायचं, दुसऱ्यानं त्यावर चाल बांधत, तिचे तुकडे करत, वेग वाढवत जायचं. लेहऱ्यावर तबला खुलतो तसं. एलिझाबेथ राणीच्या पदरी असलेल्या जॉन जॉन्सनची अशी युगुलं फार सुरेख आहेत. टॉमस रॉबिन्सननं १६०३ च्या ‘स्कूल ऑफ म्युझिक’मध्ये एक सरदार आणि टिमोथियस नावाचा शिक्षक यांचा संवाद घातला आहे, आणि त्याच पुस्तकात दोन ल्यूटसाठीचे तुकडेही. शिकवणारा आणि शिकणारा गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असणार, आणि ग्राउंड बहुतेक वेळा शिकवणाऱ्याकडे असणार.

आज ती जागा रेकॉर्डिंगनं घेतली आहे. पुस्तकाबरोबर ग्राउंडचा एक ट्रॅक असतो, आधी संथ, मग थोडा चढा. तो लावायचा आणि वरची चाल आपण वाजवायची. माझं वेळेत थांबणं, खरं सांगायचं तर, या ट्रॅकनंच सुधारलं. ग्राउंड आपला वेळ घेतो. मधे घाई केली की पुढच्या आघाताला मी एकटी पडते, आणि ते एकटेपण लगेच ऐकू येतं.

एकदाच मी एका शिक्षकांसमोर बसले, यॉर्कपासून दोन तासांवरच्या एका गावात, शनिवार-रविवारच्या शिबिरात. वयस्कर गृहस्थ. मी माझं खेळणं वाजवलं. त्यांनी काही न बोलता स्वतःचं ल्यूट बाजूला ठेवलं, माझ्या डाव्या हाताजवळ झुकले आणि त्यांच्या तर्जनीनं माझं मधलं बोट तिसऱ्या बारात तारेवर दाबून धरलं. मला ते उचलताच येईना. वरची चाल उरलेल्या बोटांनी कशीबशी पुढे नेली. मग त्यांनी हात काढला. पुढच्या खेपेला तो दाब मला बोटावर जाणवत होता, अजूनही त्या बाराला जाणवतो. रेकॉर्डिंगनं मला सांगितलं होतं की स्वर टिकतो. तो टिकवताना बोटाच्या पेराला काय वाटतं, ते रेकॉर्डिंगला सांगता आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत आत्याला फोन केला. ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. सतार कोपऱ्यात आहे, बोटं वाकत नाहीत. वाजवून दाखव म्हणाली. मी फोन टेबलावर उभा केला आणि बर्गामास्का लावली. बर्गामो भागातल्या नाचाचा हा ग्राउंड, चारच पावलांचा: पायाचा स्वर, मध्यम, पंचम, पुन्हा पाया. ट्रॅकवर दुसरं ल्यूट ग्राउंड वाजवत होतं, मी चाल.

“दुसरं कोण वाजवतंय गं?” संपल्यावर तिनं विचारलं.

सांगितलं. ते रेकॉर्डिंग आहे, तो माणूस कुठेतरी दूर आहे, मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

“म्हणजे तुझं त्याला ऐकू जात नाही.”

“नाही.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला बंद कर. खालचं तू वाजव. षड्ज कुठला तुझा?”

मी मोकळी तार छेडली. तिनं घसा साफ केला, आ लावला, जरा खाली, मग बरोबर. मी ग्राउंड धरला: पाया, मध्यम, पंचम, पाया. दुसऱ्या आवर्तनाला ती शिरली. सरगम नव्हती, शब्द नव्हते, बिलावलसारखं काहीतरी, आकारात. आवाज कापत होता पण जागा चुकत नव्हती. यॉर्क ते मिरज फोन आवाज थोडा उशिरा पोचवतो. माझा आघात तिला उशिरा मिळत होता, तिचा सूर मला आणखी उशिरा, आणि मी तिच्यासाठी थांबले की ती माझ्यासाठी थांबत होती. लय प्रत्येक आवर्तनाला थोडी थोडी उतरत गेली. पंचमावरचं माझं बोट मी तिचा सूर येऊन पोचेपर्यंत तसंच ठेवत होते. तार तोवर जवळजवळ विझलेली असायची, मग पलीकडून तो यायचा आणि मी पायावर उतरायची.